सोळा ओले ठोकळे

माझा उजवा अंगठा डाव्यापेक्षा रुंद आहे. जन्मतः तो तसा नव्हता, तीस वर्षं काँक्रीट दाबून दाबून झालाय. कारखान्यातले ड्रायव्हर मला पाठीमागे अंगठाबाई म्हणतात आणि तोंडावर नुसतं बाई. माझी दोन्हीला हरकत नाही. माल घट्ट झाला की नाही हे बघायला आमच्याकडे सुईचं यंत्र आहे, पण ते कपाटातून काढा, पुसा, लावा, तेवढ्यात मी अंगठा टेकवून मोकळी होते. आणि सांगायला हरकत नाही, यंत्र दोनदा चुकलंय, माझा अंगठा अजून तरी नाही.

आमच्या कारखान्यात तयार काँक्रीट बनतं. खडी, वाळू, सिमेंट, पाणी इथं मिसळायचं, फिरत्या ड्रमच्या ट्रकमध्ये भरायचं आणि जिथं बांधकाम चालू असेल तिथं नेऊन ओतायचं. कुठलाही कंत्राटदार लागतं त्यापेक्षा थोडं जास्तच मागवतो, कारण स्लॅब अर्ध्यात थांबला तर त्याच्या पोटात गोळा येतो. मग जे उरतं ते ड्रमच्या तळाशी बसून आमच्याकडे परत येतं. त्याला आम्ही परतीचा माल म्हणतो.

पूर्वी हा परतीचा माल मागच्या खड्ड्यात जायचा. मी तेव्हा प्रयोगशाळेत होते आणि माझी खिडकी नेमकी खड्ड्याच्या समोर. सकाळी ज्या मालाचे नमुने तळहातावरच्या फोडासारखे जपायचे, तोच माल संध्याकाळी खड्ड्यात पडताना बघायचे. रोज डोकं फिरायचं. घरी जाऊन नवऱ्यावर चिडायचे, त्याचा बिचाऱ्याचा काँक्रीटशी काही संबंध नसताना. शेवटी तोच म्हणाला, "जिथं भांडायला हवं तिथं भांड ना." म्हणून एक दिवस मॅनेजरसाहेबांच्या खोलीत जाऊन भांडले. साहेब वैतागून म्हणाले, "मग तुम्हीच करा काहीतरी." लोक असं बोलतात ते समोरच्यानं गप्प बसावं म्हणून. मी ते मनावर घेतलं.

त्याला सहा वर्षं झाली. खड्डा बुजवून तिथं आवार केलं. वेल्डरच्या मागे लागून जुन्या पत्र्यांचे साचे करून घेतले. ओला माल वेळेत परत आला तर साच्यात ओतायचा, त्याचे ठोकळे होतात. दीड तासाहून जुना असेल तर साच्याला हात लावू द्यायचा नाही, जमिनीवर पसरायचा, सुकला की भरडून त्याची खडी करायची आणि ती रस्त्याच्या थराखाली घालायची. ड्रम धुतलेलं पाणीसुद्धा हौदात निवळून पुन्हा ड्रम धुवायलाच वापरायचं. दीड तासाचा नियम माझा, मीच लाल रंगानं भिंतीवर लिहिलेला. हे लक्षात ठेवा, कारण तो मोडलाही मीच.

साहेबांना माझं आवार डोळ्यांत खुपायचं. सहा नवे ट्रक येणार होते आणि उभे करायला जागा नव्हती. "तुमचे ठोकळे रीतसर मागितलेत का कुणी आजवर?" असं ते विचारायचे. खरं तर कुणी मागितले नव्हते. कुणी ताडपत्रीवर ठेवायला दोन न्यायचं, कुणी फाटक वाऱ्यानं लागू नये म्हणून एक. आणि मग या वर्षी डोळ्यांच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई आल्या.

त्यांचा दवाखाना चढावर आहे. फाटकापासून वर दारापर्यंत उताराची वाट, शेवटी पाच पायऱ्या. वाटेच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढी भिंत हवी होती, लोकांना हात टेकून चालता येईल अशी. बाईंनी माझ्या ठोकळ्यावरून हात फिरवला, मग त्यावर बसून बघितलं, मग म्हणाल्या, "एकशेवीस लागतील. देता?" मी हो म्हणाले. साहेब मागेच उभे होते. त्या गेल्यावर त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. हे एक काम नीट झालं तर आवार माझं. बिघडलं तर तिथं नवे ट्रक उभे राहणार आणि मी वजनकाट्याच्या खोलीत बसून ट्रकची वजनं लिहिणार. माझ्या नोकरीची चार वर्षं राहिली आहेत. त्या खोलीला एक खिडकी आहे आणि तिच्यातून फक्त टायर दिसतात. चार वर्षं टायर बघायचे या विचारानंच मला धाप लागायची.

एकशेचार ठोकळे झाले, दवाखान्यात गेले, गवंड्यानं बसवलेही. राहिले सोळा. भिंतीच्या वरच्या रांगेतले, पायऱ्यांजवळचे, दोन्ही बाजूंना आठ-आठ. त्या आठवड्यात मेला परतीचा मालच येईना. कंत्राटदार अचानक शहाणे झाले होते, लागेल तेवढंच मागवत होते. मी सोमवारी दुपारी फाटकाकडे डोळे लावून बसले होते आणि तेवढ्यात माझ्या जावयाचा ट्रक आत आला.

माझा एकुलता एक जावई आमच्याच कारखान्यात ट्रक चालवतो. लेकीनं स्वतः निवडलाय, त्यामुळे मला नावं ठेवायची सोय नाही, आणि ठेवण्यासारखी नावंही फारशी सापडत नाहीत. फक्त तो मला घाबरतो. घरात माझ्याशी बोलतानासुद्धा ट्रक मागे घेत असल्यासारखं जपून जपून बोलतो.

"किती उरलाय?" मी विचारलं.

"तुमच्या सोळा साच्यांपुरता असेल, आई."

"भरून किती वेळ झाला?"

तो खाली बघत म्हणाला, "जरा उशीर झालाय. पूल बंद होता."

जरा म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला सांगावं लागलं असतं. मी ड्रमच्या तोंडाशी जाऊन माल बघितला, मऊसूत होता. भर उन्हात उशीर झालेला माल इतका मऊ कसा, हा प्रश्न कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही पडला असता. मला पडला नाही, कारण मला सोळा ठोकळे हवे होते. भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे पाठ करून मी म्हणाले, "ओता." सोळाही साचे भरले, वरून उतार दिला, कारण वरच्या रांगेवरून पाणी वाहून जायला हवं. त्याच मालाचे चाचणीसाठी सहा छोटे घनही भरून ठेवले, अठ्ठावीस दिवसांनी पूर्ण ताकद आली की यंत्रात दाबून बघायला. सवयच आहे ती.

मंगळवारी सकाळी साचे उघडायला गेले. आधी अंगठा टेकवला, उजव्या कोपऱ्यात, काठापासून चार बोटं आत. माझी नेहमीची जागा. अंगठा नखापर्यंत आत गेला.

दुसऱ्यावर टेकवला, तोही आत. सोळाच्या सोळा. मी तिथंच एका बादलीवर बसले. रात्रभरात घट्ट न झालेलं काँक्रीट मी आयुष्यात बघितलं नव्हतं. दुपारी पुन्हा दाबले, संध्याकाळी पुन्हा. बुधवारी सकाळी पुन्हा. माल सुकल्यासारखा दिसत होता पण अंगठा टेकवला की दबत होता. आणि मला एका जागी स्वस्थ बसवत नाही, म्हणून दर वेळी त्याच जागी दाबत राहिले. बुधवारी दुपारपर्यंत प्रत्येक ठोकळ्याच्या कोपऱ्यात माझ्या अंगठ्याएवढा खळगा पडला होता. सिमेंट मेलेलं आहे, असं मी ठरवून टाकलं. गुरुवारी सकाळी सगळे फोडायचे, भरडायला टाकायचे आणि साहेबांना सांगायचं, असा विचार करून घरी गेले.

घरी लेक आणि जावई आलेले. लेक आली की स्वयंपाकघर आपलंच असल्यासारखी डबे उघडते. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "आई, जाताना वाटीभर साखर दे गं. यांना सोमवारी यादी दिली होती. सगळं आणलं, साखर तेवढी विसरले. साबण आणला, काड्यापेटी आणली, साखर नाही."

"विसरलो," जावई म्हणाला.

"पावतीत आहे की," लेक म्हणाली. "मी बघितली पावती. किलोची पिशवी. मग गेली कुठं?"

मी कपात साखर घालत होते. चमचा हातात तसाच राहिला. मी जावयाकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, तो बशीकडे बघत होता. बशी रिकामी होती.

"सोमवारी," मी म्हणाले.

"आई, मी सांगणारच होतो," तो म्हणाला. आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. माल देऊन परत येताना पुलावर अडकला. पुढे ट्रक उलटला होता. मागे रांग, बाजूला कठडा, जायला वाट नाही. दोन तास गेले, अडीच झाले. ऊन असं की ड्रमला हात लावता येईना. आत माल गरम होत चालला होता. एकदा का तो आत घट्ट झाला की माणसाला ड्रममध्ये उतरून आठ दिवस छिन्नीनं फोडावा लागतो. जुन्या ड्रायव्हरांनी सांगितलं होतं की साखर टाकली की माल घट्ट होत नाही. मागच्या सीटवर घरच्या सामानात किलोची पिशवी होती. शिडीवर चढला आणि सगळी ओतली.

"अहो, मग आल्यावर सांगायचं ना!" लेक म्हणाली.

"आई ओता म्हणाल्या," तो अगदी हळू म्हणाला. "त्यांचा चेहरा इतका खूश होता की मला बोलवेना."

लेकीनं त्याला घरभर ऐकवलं.  मला राग यायला हवा होता आणि आलाही होता, पण त्यातला अर्धा माझ्याच वाटणीचा होता. आणि मुख्य म्हणजे मी हिशेब करत होते. दीड घनमीटर माल, त्यात सव्वापाचशे किलो सिमेंट, त्यावर किलोभर साखर. प्रयोगशाळेत असताना हे वाचलं होतं. थोड्या साखरेनं सिमेंट मरत नाही, झोपतं. ओल राहिली तर उशिरा उठतं आणि नंतर नीट कामाला लागतं. जास्त झाली तर सांगता येत नाही. आमची साखर त्या दोन्हींच्या मधे कुठंतरी होती.

"जावईबापू," मी म्हणाले, "चहा घ्या. उद्या तुम्ही आणि मी साहेबांकडे जायचंय."

त्यानं चहा बिनसाखरेचाच प्यायला. मला हसू आलं.

गुरुवारी आम्ही दोघं साहेबांसमोर उभे राहिलो. त्यानं साखरेचं सांगितलं, मी दीड तासाच्या नियमाचं सांगितलं. नोंदवहीत दोन्ही लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. साहेब उठून आवारात आले आणि एका ठोकळ्यावर त्यांनी स्वतः बोट टेकवलं. बोट थोडं आत गेलं. बोट रुमालानं पुसत ते म्हणाले, "हे तुम्ही दवाखान्याच्या भिंतीत लावणार?"

"आज नाही लावणार," मी म्हणाले. "अठ्ठावीस दिवसांनी घन दाबून बघू. टिकले तर लावू. नाही टिकले तर मीच फोडते, आणि तुम्ही ट्रक आणून उभे करा."

"डॉक्टरांना काय सांगणार?"

"हेच."

साहेबांना हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं, साखरेसकट. त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "ताई, माझ्याकडे रोज लोक विचारतात पट्टी कधी काढायची. मी म्हणते, डोळा सांगेल तेव्हा. तुम्ही घ्या वेळ. पायऱ्यांजवळ तोवर दोरी बांधू." मला त्या बाई तेव्हापासून फार आवडतात.

मग गोणपाटं भिजवायचं काम सुरू झालं. ठोकळे उन्हात सुकून चालणार नव्हतं. दिवसातून चार वेळा पाणी मारायचं. पहिल्या दिवशी मी मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर गोणपाटं आधीच ओली. जावईबापू आपली पहिली फेरी सुटायच्या आधी येऊन भिजवून गेले होते. दुपारी दोन फेऱ्यांच्या मधे पुन्हा आले.  पाइप त्याच्या हातात, गोणपाट उचलायचं काम माझ्याकडे.

शनिवारी सकाळी मी अंगठा टेकवला आणि तो आत गेला नाही. पुन्हा जोर दिला, नख पांढरं झालं, तरी नाही. सोळाही ठोकळे उठले होते. मी कारखान्याच्या आवारात रडणारी बाई नाही, पण त्या दिवशी गोणपाटाला तोंड पुसलं, आणि ते ओलं असल्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

खळगे मात्र तसेच राहिले. सोळा ठोकळे आणि सोळा खळगे, सगळे एकाच जागी, एकाच मापाचे. माझ्या उतावीळपणाची अशी पक्की नोंद आजवर कुणी ठेवली नव्हती.

अठ्ठाविसाव्या दिवशी घन यंत्राखाली ठेवले. साहेब स्वतः आले, कधी येत नाहीत. आकडा चढत गेला. पंचवीसच्या दर्जाचा माल होता, म्हणजे घनानं निदान पंचवीसपर्यंत टिकायला हवं. पंचवीस ओलांडला, अठ्ठावीस ओलांडला, एकतिसावर पहिला घन फुटला. दुसरा तीसवर, तिसरा पुन्हा एकतिसावर. साहेबांनी ते तीन वेळा वाचलं. मी गप्प उभी होते, आणि गप्प उभं राहणं मला किती जड जातं ते माझा नवरा सांगेल.

"लावा," साहेब म्हणाले. "पण ते खळगे कसे दिसतात बघा जरा. लोक म्हणतील फुटकेच आणून दिले."

त्यांचं खरं होतं. मी गवंड्याला म्हणाले, उलटे बसव. तो म्हणाला, "बाई, वरच्या बाजूला उतार दिलाय तुम्ही. उलटे बसवले तर पाणी साचेल." माझंच काम माझ्या आड आलं. खळगे भरायचा विचार केला, पण वरून लावलेला थर वर्षभरात निघून येतो, आणि दवाखान्यात पापुद्रे सुटलेली भिंत मला बघवली नसती. शेवटी होते तसे बसवले, खळगे वाटेच्या बाजूला. माझी नजर दर वेळी तिकडेच जायची आणि दर वेळी लाज वाटायची.

आठ दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "साहेबांना घेऊन या," एवढंच म्हणाल्या. वाटेत मी मनातल्या मनात वजनकाट्याच्या खोलीत खुर्ची कुठं ठेवायची ते ठरवत होते.

बाई फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला बोलू दिलं नाही, नुसतं बघायला सांगितलं. एक आजोबा वर चढत होते, आम्ही त्यांच्या मागोमाग निघालो. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यातून फारसं दिसत नसावं. सुनेचा हात त्यांनी झटकला होता, ती दोन पावलं मागे चालत होती. आजोबांचा तळवा भिंतीवरून घासत चालला होता, भरभर, कारण भिंत सपाट होती. मग एका जागी त्यांचं बोट खळग्यात गेलं. ते हळू झाले. पुढचा खळगा, मग पुढचा. आठवा खळगा झाल्यावर त्यांनी पाय उचलला आणि तो बरोबर पहिल्या पायरीवर पडला.

"पहिल्या दिवशी मी कुणाला काही सांगितलं नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवसापासून पेशंटच एकमेकांना सांगायला लागले. खळगे लागले की पायऱ्या आल्या. ताई, हे तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

मी साहेबांकडे बघितलं. मुद्दाम केलं म्हणायला काय हरकत होती? पण नोंदवहीत सह्या होत्या.

"नाही हो," मी म्हणाले. "मला धीर नाही, म्हणून झालं."

साहेब फाटकापर्यंत परत खाली गेले. तिथं त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि भिंतीवर हात ठेवून वर यायला लागले. कारखान्यात कायम मोटारीनं फिरणारा माणूस, दोनदा अडखळला. शेवटच्या आठ ठोकळ्यांशी आला आणि त्याचा हात हळू झाला. प्रत्येक खळग्यात थांबून, चाचपून, मोजून तो पुढे सरकला. पायरीशी उभा राहिला. डोळे मिटलेलेच होते.

"बाई," ते तसेच म्हणाले, "नवे ट्रक समोरच्या कुंपणालगत उभे राहतील. तिथं आपली खडी टाकून घ्या."

मला बोलता आलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच, असं जावई नंतर सगळीकडे सांगत फिरला. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथं आणखी बारा ठोकळे मागितले, फाटकाबाहेरच्या वळणासाठी, खळगे असलेलेच.

ते बारा आम्ही पुढच्या मंगळवारी भरले. माल जावईबापूंनीच आणला, भरल्यापासून पन्नास मिनिटांत. ट्रकमधून उतरताच त्यानं न विचारताच दोन्ही हात उलटे करून दाखवले, रिकामे. मग मी साच्यांपाशी बसून राहिले, कारण या वेळी माल जागा होता आणि खळगा पाडायला नेमकी वेळ साधायची होती. लवकर दाबला तर भरून येतो, उशिरा दाबला तर पडतच नाही. तो फेरी संपवून परत आला तेव्हा माझे अकरा खळगे पाडून झाले होते.

"बारावा तुमचा," मी म्हणाले.

तो घाबरला, पण खाली बसला आणि अंगठा टेकवला. मी त्याच्या अंगठ्यावर माझा ठेवून दाबला, कारण त्याला जोर लावायची सवय नव्हती. त्याचा अंगठा माझ्याहून बारीक आहे, त्यामुळे तो खळगा जरा निमुळता पडला. तो ठोकळा वळणाचा शेवटचा म्हणून लावला आहे. मी दवाखान्यात गेले की त्यात बोट घालून बघते.